ॲनिमॅट्रॉनिकचा जुनेपणा रफनेसमधून दाखवा

2014 च्या 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' या ॲनिमॅट्रॉनिकच्या (यंत्राने हलणाऱ्या बाहुल्यांच्या) हॉरर गेमवरून फॅन-गेम करणारे बरेच जण पात्र भीतिदायक करायला आधी रक्त आणि सुळे लावतात. त्याआधी ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये रफनेसवर, म्हणजे पृष्ठभाग किती चकचकीत (0) की किती मॅट (1) यावर, वेळ घालवा.

उघड्या धातूच्या सांगाड्याला मेटॅलिक (धातूपणाचा आकडा) 1, प्लॅस्टिकला आणि रंगवलेल्या भागाला 0. मधले आकडे शक्यतो टाळा. कवचाचा रफनेस साधारण 0.4, कापडी भागाचा 0.9 च्या आसपास. मग रफनेस मॅप, म्हणजे कुठे किती रफनेस हे सांगणारं चित्र, हाताने रंगवा. या बाहुल्याला मुलांनी वर्षानुवर्षं हात लावलाय असं धरून चाला: पंजे, पोट, नाकाचा शेंडा घासून गुळगुळीत, जबड्याची बिजागरी, काखा, कानामागची खाच मळकट आणि मॅट. खाचांमधल्या मळाला ॲम्बियंट ऑक्लूजन नोड (खाचाकोपरे ओळखणारा मटेरियलमधला घटक) पुरतो. कडांचा उडालेला रंग पॉइंटीनेसने (कडा ओळखणाऱ्या आउटपुटने) काढणार असाल, तर तो ब्लेंडरच्या रेंडर इंजिनांपैकी फक्त सायकल्समध्ये चालतो, ईव्हीत नाही, आणि मेश (मॉडेलची जाळी) दाट असेल तरच नीट दिसतो. मॅपची कलर स्पेस नॉन-कलर ठेवा, नाहीतर ब्लेंडर त्याला रंगीत चित्र समजतो आणि सगळे आकडे बिघडतात.

डोळ्यांवर मात्र धूळ नको. रफनेस 0.05, खोबणी खोल आणि काळी, आणि एक छोटा एरिया लाइट असा ठेवा की त्याचं प्रतिबिंब बुबुळाच्या कडेला पडेल. चेहरा अंधारात राहिला तरी नजर कळते. मला तर पेटलेल्या लाल डोळ्यांपेक्षा हीच नजर कितीतरी जास्त घाबरवते.

शेवटी बाकीचे दिवे बंद करून एकाच दिव्यात पात्र फिरवून बघा. चमक सगळीकडे सारखी दिसली, तर मॅपमधला फरक वाढवा.