कथेला हॅशटॅग कुठले लावायचे?

मी कथा लिहिते आणि त्या पोस्टही करते. कुठलाही हॅशटॅग लावण्याआधी मी तो शोधात टाकून उघडून बघते. #प्रेम उघडलं तर लग्नाचे फोटो, गाण्यांचे तुकडे, शुभेच्छापत्रं. त्या गर्दीत कथा वाचायला कोण थांबणार? #लघुकथा उघडलं की निदान कथा तरी दिसतात. मग त्या ताज्या आहेत का, खाली कुणी काही लिहिलंय का, हे बघायचं. शेवटची पोस्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर तो टॅग सोडून द्या.

२३ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकन डिझायनर ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर (आताचं ‘एक्स’) # हे चिन्ह सुचवलं, ते गटांसाठी. एका विषयाची माणसं एकमेकांना सापडावीत म्हणून. मला आजही हाच निकष पटतो.

समजा, वडिलांना हळूहळू विसर पडत चाललाय अशी कथा आहे. मी #लघुकथा लावीन, #मराठीकथा लावीन आणि #स्मृतिभ्रंश लावीन. यातला तिसरा सगळ्यात मोलाचा. घरात असं माणूस सांभाळणारे तो शोधत येतात, आणि तेच शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. पण कथेत आजाराचा नुसता उल्लेख असेल, तर तो टॅग लावू नका. ती माणसं आधार शोधत आलेली असतात. एखाद्या दुर्घटनेचा टॅग गाजतोय म्हणून त्यात आपली कविता घुसवणं तर मला अजिबात मान्य नाही.

‘रायटिंगकम्युनिटी’, ‘अ‍ॅमरायटिंग’ हे इंग्रजी टॅग चांगलेच आहेत, पण तिथे मुख्यतः लिहिणारे भेटतात. मसुदा अडला, सोबत हवी, तर तिथे जा. वाचक हवे असतील तर विषयाचा टॅग धरा. तीन-चार पुरतात.

आता टायपिंगचं. #मराठी कथा असं जागा सोडून लिहिलं तर फक्त ‘मराठी’ला लिंक लागते. जोडरेघ दिली तरी टॅग तिथेच तुटतो, अधोरेघ मात्र चालते. #मराठीकथा आणि #मराठी_कथा हे दोन वेगळे टॅग, म्हणून दोन्ही उघडून जिथे वर्दळ आहे तो घ्या. ‘एक्स’वर नुसत्या आकड्यांचा टॅग होत नाही. खातं खाजगी असेल, तर तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांना टॅगवरून तुमची पोस्ट दिसणार नाही. आणि टॅग कवितेच्या ओळीत कधीच नको. कविता संपू द्या, एक ओळ मोकळी सोडा, मग टॅग.

क्रमशः कथा लिहीत असाल तर तिचा स्वतःचा टॅग करा. तो आधीच दुसऱ्या कुणी वापरलेला नाही ना, हे बघून घ्या. आणि अगदी पहिल्या भागापासून लावा, म्हणजे सातव्या भागावर आलेल्या वाचकाला मागचे सहा शोधत बसावं लागणार नाही.