टर्बो पेट्रोलची घाटातली खडखड कशी गेली

गाडी सेकंडहॅन्ड, १.२ टर्बो पेट्रोल, आधीच्या मालकाने कुठूनतरी रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घेतलेली. सपाट रस्त्यावर मस्त पळायची पण खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. गॅरेजवाला म्हणे पेट्रोल भेसळीचं असेल, सोडून द्या. मी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून भावाला बाजूला बसवलं आणि आकडे बघायला सांगितले. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, १.३ बार, मूळ सेटिंग साधारण १ बारचं, आणि इंटेकची हवा ७० डिग्रीच्या वर, म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, सारखं मागे ओढत होता.

गंमत अशी की बूस्ट वाढला की सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबली जाते, प्रेशर आणि तापमान दोन्ही चढतं, मग प्लगची ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, तोच नॉकिंगचा आवाज. कमी आरपीएमला त्याला पेटायला वेळही जास्त मिळतो, त्यामुळे घाटात जास्त.

बंपर काढला तर इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) जाळीत चिखल आणि किडे गच्च. हलक्या पाण्याने धुतला (प्रेशर वॉशर जवळून मारू नका, फिन्स म्हणजे पातळ पत्र्या वाकतात), कंपनीचं मूळ मॅप परत टाकून घेतलं, प्लग नवीन. इंटेक आता ५० च्या आसपास राहतं, खडखड बंद. पिकअप थोडा कमी झालाय, चालतंय. आणि चढावर उंच गिअरमध्ये रेटण्यापेक्षा एक गिअर खाली टाकायचा. जास्त बूस्ट हवाच असेल तर आधी ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग रोखायची ताकद) वाढवा, नुसता मॅप मारून पिस्टन फोडून घेऊ नका.