बोटीच्या बॅटरीत किती चार्ज उरलाय? मॉनिटर वाचताना या चुका टाळा

रात्री नांगर टाकून झोपताना मॉनिटरवर ७८ टक्के दिसत होते. पहाटे फ्रिज बंद, दिवे मिणमिणते, व्होल्टेज १०.८, आणि मॉनिटर मात्र अजूनही ६० टक्के सांगतोय. अशा वेळी पहिला संशय मॉनिटरवर जातो. तो बदलायची घाई करू नका. बहुतेक वेळा मॉनिटर धडधाकट असतो, चूक वायरिंगमध्ये किंवा सेटिंगमध्ये सापडते.

मॉनिटर बॅटरीच्या आत डोकावत नाही, तो फक्त जमाखर्च मांडतो. निगेटिव्ह वायरमध्ये बसवलेल्या शंटमधून (करंट मोजण्यासाठीची अगदी कमी रोधाची पट्टी) किती करंट आला आणि किती गेला याची बेरीज-वजाबाकी तो करत राहतो. ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टचा शंट असेल तर १० अँपिअर वाहताना त्याच्या दोन टोकांत जेमतेम १ मिलिव्होल्टचा फरक पडतो. तेवढ्यावरून सगळा हिशेब चालतो. म्हणून शंटकडून येणाऱ्या बारीक तारा सैल किंवा गंजलेल्या असतील तर पुढचं सगळंच चुकतं.

शंटला वळसा घालणारी निगेटिव्ह वायर

सगळ्यात जास्त वेळा आढळणारी आणि सगळ्यात कमी वेळा तपासली जाणारी चूक हीच. एका बोटीवर मॉनिटर रोज थोडा थोडा 'खोटं' बोलायचा. बॅटरीच्या पेटीचं झाकण काढून टॉर्च मारला, तर बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर शंटच्या जाड केबलसोबत एक बारीक काळी वायर बसवलेली दिसली. ती होती बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची. पंप ५ अँपिअर खेचणारा. तासाला सहा मिनिटं चालला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, आठवड्यात ८४. २०० अँपिअर-तासांच्या बॅटरी-संचातून एवढं निघून गेलं आणि हिशेबात त्यातलं काहीच नाही.

इथे एक गल्लत होते. बिल्ज पंपाची पॉझिटिव्ह वायर मेन स्विच टाळून, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर घेणं योग्यच आहे, कारण बोट बंद करून गेलात तरी पंप चालला पाहिजे. निगेटिव्ह मात्र शंटच्या लोडकडच्या बोल्टवरच हवी. शंटच्या बॅटरीकडच्या बोल्टवर बॅटरीच्या निगेटिव्हखेरीज दुसरं काहीही नको, आणि बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर शंटच्या केबलखेरीज दुसरं काहीही नको.

चार्जर किंवा अल्टरनेटरची निगेटिव्ह थेट पोलवर असेल तर उलटा प्रकार घडतो: बॅटरी भरत जाते आणि मॉनिटर घसरत जातो.

तपासणी सोपी आहे. सगळं बंद करा, मॉनिटर अँपिअरवर ठेवा आणि एकेक वस्तू चालू करा: केबिनचा दिवा, फ्रिज, पाण्याचा पंप, बिल्ज पंप हाताने, रेडिओ. मग चार्जर, सोलर, इंजिन, तेही एकेक करून. ज्या वस्तूला आकडा हलत नाही तिची वायर शंटला वळसा घालून जातेय. कुठलंही नवं उपकरण बसवलं की ही फेरी पुन्हा करा, कारण काम करणाऱ्याच्या हाताला सगळ्यात आधी बॅटरीचा पोलच लागतो.

नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला साधारण १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९च्या खाली जवळपास रिकामी. हे आकडे खरे आहेत, पण काही तास शांत पडून असलेल्या बॅटरीसाठीच. नुकतंच चार्जिंग थांबलं असेल तर व्होल्टेज फुगलेलं दिसतं; फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असेल तर दबलेलं. त्यात व्होल्टमीटर लांबच्या पॅनेलवर बारीक वायरने जोडलेला असेल तर वायरमधली घट वेगळी. उन्हं वर येण्यापूर्वी, सगळं बंद करून, थेट पोलवर मोजलेलं व्होल्टेज त्यातल्या त्यात भरवशाचं.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला तर हा उपाय लावूच नका. मधल्या मोठ्या पट्ट्यात तिचं व्होल्टेज १३.२च्या आसपासच रेंगाळतं. एक दशांश व्होल्टचा फरक पडेपर्यंत वीस-तीस टक्के चार्ज निघून गेलेला असू शकतो.

खोटे १०० टक्के

'बॅटरी भरली' हे मॉनिटर दोन खुणांवरून ठरवतो: व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर आहे, आणि करंट ठरावीक पातळीच्या खाली आलाय. व्होल्टेजची पातळी १३.२ अशी खाली ठेवली की सोलरवर फसगत ठरलेली. ढग आला, करंट पडला, आणि ७० टक्के भरलेल्या बॅटरीला मॉनिटरने पूर्ण ठरवलं. चार्जरचं ॲब्सॉर्प्शन (चार्जिंगच्या शेवटी धरून ठेवलेलं वरचं व्होल्टेज) १४.४ असेल तर ही पातळी १४.१ ते १४.२ ठेवा. लेड-ॲसिडला करंटची पातळी क्षमतेच्या २ ते ४ टक्के, म्हणजे २०० अँपिअर-तासांना ४ ते ८ अँपिअर.

दुसरं टोक म्हणजे कित्येक आठवडे बॅटरी पूर्ण भरतच नाही. मग बारीक चुका साठत जातात. शंटची शून्य रेषा ०.०५ अँपिअरने सरकली तरी महिन्याला ३६ अँपिअर-तासांचा घोळ होतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा खरोखर पूर्ण चार्ज करा. लेड-ॲसिडवर सल्फेट घट्ट बसू नये म्हणूनही ते लागतंच.

स्टिकरवरची क्षमता

२०० अँपिअर-तास हा आकडा सहसा २० तासांच्या हिशेबाने असतो, म्हणजे १० अँपिअरने २० तास. ५० अँपिअर खेचले तर चार तास मिळत नाहीत. विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलेल्या नियमात (करंट जितका जास्त, तितकी मिळणारी क्षमता कमी) १.२५ हा घातांक घातला की उत्तर येतं सुमारे २ तास ४० मिनिटं.

त्यात बॅटरी म्हातारी होते, आणि ते मॉनिटरला कळत नाही. पूर्ण चार्ज करून, चार्जिंगची सगळी साधनं तोडून, १० अँपिअरच्या आसपास लोड लावा. १०० अँपिअर-तास निघाले की थांबा, बॅटरीला काही तास विश्रांती द्या आणि मोजा. १२.२ आलं तर ठीक, ११.९ आलं तर तुमच्याकडे २०० उरलेले नाहीत. सेटिंगमधला आकडा कमी करा.

पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजायचं साधन, हाताशी ठेवा. चष्मा आणि हातमोजे घालूनच वापरा. साधारण २५ अंशांना १.२६५ म्हणजे पूर्ण, १.१९० म्हणजे निम्मी. पाणी नुकतंच घातलं असेल तर चार्जिंगने ते मिसळल्याशिवाय मोजू नका. सहाही सेल तपासा. पाच सेल १.२५० आणि एक १.१९० असेल तर दोष हिशेबात नाही, त्या सेलमध्ये आहे.

लेड-ॲसिड काढून लिथियम बसवली की फक्त क्षमता बदलून थांबू नका. प्यूकर्टचा घातांक १.०५च्या आसपास आणा, आणि चार्जिंगची कार्यक्षमता ८५ टक्क्यांवर राहिली असेल तर ९९ करा. नाहीतर आत आलेल्या प्रत्येक १०० अँपिअर-तासांतले १५ मॉनिटर जमेला धरणारच नाही.