धाक आहे, शिस्त नाही : कडक पालकांनी या चुका टाळाव्यात

"थांब, बाबांना येऊ दे, मग बघ" हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येते, त्या घरात नियमांना तोटा नसतो, आवाजही वरच्या पट्टीत असतो आणि तरीही रात्री साडेदहा वाजता मूल टक्क जागे असते. आम्ही इतके कडक असून हा ऐकत कसा नाही, अशी मग पालकांची तक्रार असते. मुलाने ऐकलेले असते; मात्र पालक काय बोलतात यापेक्षा बोलल्यानंतर काय करतात, हे त्याने अधिक बारकाईने टिपून ठेवलेले असते. कडकपणा बहुधा याच फटीत फसतो.

न झेपणाऱ्या धमक्या

"महिनाभर टीव्ही बंद" अशी शिक्षा रागाच्या भरात सुनावली जाते. दुसऱ्याच संध्याकाळी एकीकडे कुकर लावायचा असतो, दुसरीकडे ऑफिसचा फोन चालू असतो आणि तेव्हा मुलाच्या हातात रिमोट देणारेही आपणच असतो. शिक्षा लहान असावी, लगेच अमलात यावी आणि शक्यतो चुकीशी तिचा संबंध असावा. भिंतीवर रेघोट्या ओढल्या तर ओले फडके हातात द्यावे आणि पुसून होईपर्यंत खेळायला सोडू नये. सांगूनही गृहपाठाची वही दप्तरात भरली नाही, तर ती घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत धावत जाऊ नये. बाईंना काय सांगायचे ते त्याचे त्याला सांगू द्यावे. पोलीसकाका धरून नेतील ही भीती तर घालूच नये, कारण जत्रेत किंवा रेल्वे स्थानकावर चुकामूक झाली तर त्याच खाकी वर्दीकडे मुलाने विश्वासाने जावे, अशी आपली अपेक्षा असते.

चार वेळा नाही, पाचव्यांदा हो

किराणा दुकानात गल्ल्याशेजारी चॉकलेटच्या बरण्या नेमक्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर मांडलेल्या असतात. मूल मागते, आई नाही म्हणते. मूल पाय आपटते, आई डोळे वटारते. मूल फरशीवर बसकण मारून गळा काढते, रांगेतली माणसे वळून पाहू लागतात आणि आई पिशवीत हात घालून पाच रुपये काढते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, ज्या कृतीचे बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून मिळते, ती कृती बक्षीस बंद झाल्यावरही दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे कधी ठाम तर कधी ढिले राहणारे पालक, नेहमीच लाड पुरवणाऱ्या पालकांपेक्षाही मुलाचा हट्ट अधिक चिवट करून ठेवतात.

यातली पुढची पायरी पालकांना कोणी सांगत नाही. नाही म्हणजे नाही असे ठरवल्यानंतर सुरुवातीला हट्ट कमी होण्याऐवजी वाढतो, कारण आजवर चाललेले हत्यार चालेनासे झाले की मूल ते अधिक जोराने चालवून पाहते. उपाय लागू पडत नाही असे समजून पालक नेमके याच टप्प्यावर माघार घेतात, आणि मुलाला मात्र किती मोठ्याने रडावे लागते याचे नवे माप मिळते.

म्हणून निर्णय दुकानात न घेता घरातून निघताना घ्यावा आणि "आज फक्त साखर आणि साबण आणायचा आहे" असे मुलाला स्पष्ट सांगावे. घरी पाहुणे आहेत, अंगात ताप आहे, आज ताणून धरणे जमणार नाही असे वाटत असेल तर खुशाल हो म्हणावे, पण पहिल्या मागणीला म्हणावे, रडण्यानंतर नव्हे. तरीही थयथयाट झालाच तर भाषण न देता मुलाला बाहेर न्यावे, त्याला इजा होणार नाही इतके पाहावे आणि शेजारी गप्प उभे राहावे. शांत झाल्यावर तो विषय पुन्हा उगाळू नये.

नियम बरोबर, वेळ चुकीची

संध्याकाळी रोज ठरावीक वेळी भांडण पेटत असेल तर शिस्तीच्या आधी झोपेचा हिशेब तपासावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप हवी. अकराला झोपून सहाला उठवलेल्या मुलाला ती मिळणे शक्य नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तोही मुलांची झोप पुरी होत नाही याच कारणावरून. पेंगुळलेल्या मुलाला पाढे न आल्याबद्दल रागावणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे.

फटका

फटका मारताक्षणी मूल गप्प बसते, आणि त्यामुळे मुलाऐवजी पालकांनाच फटक्याची सवय लागते. पुढच्या वेळी तोच परिणाम साधायला हात अधिक जोरात उचलावा लागतो; मूल चूक करणे थांबवत नाही, ती लपवायला शिकते आणि कमी गुणांची उत्तरपत्रिका गादीखाली जाते. "सर, बिनधास्त फटके द्या, आमची तक्रार नाही" असे शाळेत सांगून येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे, आणि पालकांच्या संमतीने ती मनाई उठत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या पद्धतींचा अभ्यास करताना निव्वळ हुकूमशाही आणि जिव्हाळ्यासह ठामपणा यांत स्पष्ट फरक केला होता. दुसऱ्या प्रकारात नियम तितकेच पक्के असतात, फक्त त्यामागचे कारण मुलाला सांगितले जाते.

आजीचा लाडू

आजी-आजोबांशी प्रत्येक गोष्टीवरून वाद घालणे ही चूक आहे आणि मुलासमोर घालणे ही त्याहून मोठी. झोपेची वेळ, जेवताना मोबाईल नाही, कोणावर हात उगारायचा नाही, अशा तीन-चार बाबी घरातल्या सर्व मोठ्यांनी एकत्र बसून ठरवाव्यात आणि बाकीचे सोडून द्यावे. दुपारी डब्यातून एक लाडू जास्त मिळाल्याने शिस्त मोडत नाही; कोणापाशी काय चालते हे मुले बरोबर ओळखतात. मात्र आईने नाकारलेला मोबाईल आजोबांनी हळूच दिला, तर तिथे आजोबांना बाजूला घेऊन, आदर राखून, पण स्पष्टपणे सांगावे लागते.

तरीही फरक पडत नसेल तर

काही आठवडे घरातल्या सगळ्यांनी एकसारखे वागूनही मूल "ऐकतच" नसेल, तर त्याला नीट ऐकू येते का हे आधी तपासून घ्यावे. कानात वारंवार पाणी साचणे, बोलणे उशिरा येणे, एका जागी अजिबात न ठरणे ही हट्टाची लक्षणे नव्हेत, आणि त्यांवर शिक्षा हा उपायही नव्हे. बालरोगतज्ज्ञांकडे जाणे परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत तपासणीसाठी पथके येतात. त्यांना मुलाच्या या तक्रारी स्वतःहून सांगाव्यात आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा स्तरावरील केंद्राकडे पाठवण्याची विनंती करावी.