मोटरहोमच्या पायरीचे बोल्ट नुसतेच फिरत होते : माझा अनुभव

मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) पायरीची मोटर बदलून ब्रॅकेट परत लावला, तर तीनपैकी एक बोल्ट नुसताच फिरू लागला आणि बाकीचे दोन अर्ध्यात अडकले. जाड वॉशर घातला, थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलं, शेवटी तसाच नवा बोल्ट आणला. दोन शनिवार गाडीखाली आडवं पडून वाया गेले, फार चिडचिड झाली.

मूळ बोल्ट आटे पाडणारे होते. त्यांचा आडवा छेद पूर्ण गोल नसतो, किंचित तिकोनी असतो. पहिल्यांदा आत जाताना तो धातू दाबून स्वतःचे आटे तयार करतो. तोच परत जरा वाकडा घुसला की जुन्या आट्यांवर दुसरे आटे पाडतो. म्हणून तिथे साधा मशीन बोल्टच (तयार आट्यांत बसणारा, स्वतः आटे न पाडणारा) लावायचा.

भोकांत तेल सोडून एम ८ (८ मिमी व्यासाच्या बोल्टचा), १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवला; अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मग ब्रशने कीस काढला. ८.८ ग्रेडचा (मजबुतीचा दर्जा) साधा बोल्ट बोटांनी आधी उलटा फिरवला, ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवल्यावर सुलटा. पाच-सहा फेरे पान्याशिवाय गेला, तेव्हाच पाना लावला.

तिसऱ्या भोकात आटेच उरले नव्हते. भोक असलेली धातूची पट्टी १२ मिमी जाड होती, म्हणून ८.३ मिमीचं ड्रिल मारलं, इन्सर्टच्या (भोकात नवे आटे देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) खास टॅपने आटे पाडले, ८ मिमी लांबीचं तारेचं इन्सर्ट पृष्ठभागाखाली अर्धा फेरा बसवलं आणि त्याची शेपटी (बसवताना धरायचं खालचं टोक) तोडून बाहेर काढली. तिन्ही बोल्टना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावलं.