‘ताक्क ओ लोव्ह’ कधी म्हणायचं आणि कसं

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममधला आमचा दुसरा हिवाळा. लेक शाळेच्या स्की-सहलीहून परतायला दीड तास उशीर. बाहेर मिट्ट काळोख, बर्फाची भुरभुर. ती फाटकातून आत आली आणि शेजारच्या आजी माझ्या आधी उद्गारल्या, “ताक्क ओ लोव्ह!” रात्री नॉर्वेजियन शब्दकोश काढला. ताक्क म्हणजे आभार, लोव्ह म्हणजे कायदा. आभार आणि कायदा? काही केल्या अर्थ लागेना.

लोव्ह हे दोन वेगळे शब्द आहेत, हे नंतर कळलं. कायद्याचा लोव्ह जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेतल्या, ‘लॉग’वरून आला. आजींचा लोव्ह ‘लोफ’वरून, म्हणजे स्तुती. परवानगी या अर्थाचा लोव्हही त्यातलाच. तेव्हा आजी म्हणाल्या ते ‘आभार आणि स्तुती’. कुणाची, तर देवाची, फक्त देवाचं नाव गळलंय. ‘गुद्शेलोव्ह’ या जोडीच्या उद्गारात ते अजून आहे: गुद् म्हणजे देव, आणि मधला ‘शे’ हे इच्छा दाखवणारं जुनं क्रियारूप, आपल्या ‘होवो’सारखं. देवाची स्तुती होवो! आज देव न मानणारेही दोन्ही सहज म्हणतात.

मला सर्वात भावलं ते पुढचं. या ‘लोफ’चं मूळ आणि संस्कृत ‘लुभ्’ धातूचं मूळ एकच. म्हणजे आपला लोभ! आई पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची, तोच. हे वाचलं आणि ती परकी भाषा एकदम घरातली वाटली.

आता वापर. जिथे आपण ‘हुश्श’ किंवा ‘जिवात जीव आला’ म्हणू, तिथे हे म्हणा. कुणी मदत केली तर मात्र नाही. तिथे ‘तूसेन ताक्क’, म्हणजे खूप आभार. कारण जोडायचं तर ‘फॉर आत’ घाला: “ताक्क ओ लोव्ह फॉर आत दू कोम”, तू आलीस, सुटले! ‘सुदैवाने’साठी ‘हेल्दिविस’ आहे, पण त्याने वाक्य सुरू केलंत तर क्रियापद लगेच पाठोपाठ हवं: “हेल्दिविस कोम बुस्सेन”, सुदैवाने बस आली. ताक्क ओ लोव्हला ही अट नाही. ते म्हणा, क्षणभर थांबा, मग सरळ वाक्य बोला.

उच्चारात ‘ताक्क’ तोकडा ठेवा आणि ‘लोव्ह’चा ओ लांबवा. मी उलट करायचे. आजींनी जिन्यात उभं राहून तीनदा म्हणून घेतलं.