महागडे स्टुडिओ लाइट घेताय? आधी या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की गोव्यात लग्नांचा सीझन सुरू होतो आणि फोटोवाल्या पोरांचं एकच चालू होतं, यंदा प्रोफोटोचा फ्लॅश घेऊया का, म्हणजे त्याच्या एका हेडच्या (फ्लॅशच्या मुख्य दिव्याच्या) पैशात स्वस्तातल्या गोडॉक्स कंपनीचे दोन-तीन हेड आरामात येतात हे माहीत असूनही. प्रोफोटोची वस्तू चांगलीच आहे, स्वीडनची कंपनी, १९६८ पासून हेच काम करते. पण ते जास्तीचे पैसे कशाचे जातात हे कळलं नाही तर फोटो होते तसेच येणार आणि हप्ते तेवढे सुरू. ते पैसे मुख्यतः सारखेपणाचे असतात. शंभर शॉट मारा, प्रत्येकात तोच उजेड, तोच रंग, पॉवर खालीवर केली तरी पांढरी साडी पांढरीच.

पहिली चूक इथेच होते, लोकांना वाटतं महागडा लाइट म्हणजे मऊ उजेड. नाही हो. उजेड मऊ होतो तो लाइटच्या समोर किती मोठा पडदा आहे आणि तो माणसाच्या किती जवळ आहे त्यावर. छोटा सॉफ्टबॉक्स (लाइटवर लावायची पांढऱ्या पडद्याची पेटी) खोलीच्या कोपऱ्यात आठ फुटांवर उभा केलात तर नवरीच्या नाकाची सावली गालावर कडक पडणारच, मग आत कुठल्याही कंपनीचा हेड असो. चार फुटी ऑक्टा, म्हणजे आठकोनी सॉफ्टबॉक्स, घ्या, फ्रेमच्या कडेला अगदी टेकेल इतका जवळ आणा, स्वस्तातला हेडसुद्धा छान दिसतो. बोवेन्स माउंटचाच घ्या, माउंट म्हणजे सॉफ्टबॉक्स हेडला अडकवायची जोडणी. ती कंपनी २०१७ मध्ये बंद पडली पण माउंट सगळीकडे चालतो, उद्या हेड बदलला तरी सॉफ्टबॉक्स तोच राहतो.

दुसरी चूक आकड्यांची. २०० वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशची ताकद मोजायचं माप) हेड विकून ६०० चा घ्यायला निघतात. आकडा तिप्पट, पण फोटोत फरक जेमतेम दीड स्टॉपचा (स्टॉप म्हणजे उजेडाची एक पायरी), कारण दुप्पट पॉवर म्हणजे फक्त एक स्टॉप. आता गंमत बघा, सात फुटांवरचा लाइट चार फुटांवर ओढला तरी साधारण तेवढाच फरक पडतो, आणि तो फुकटात. खोलीत काम असेल तर २०० पुष्कळ झाले. ६०० ची खरी गरज मोरजीच्या किंवा मिरामारच्या बीचवर भर दुपारी, सूर्य पाठीमागे आणि चेहरा काळा, तेव्हा. तिथे ६० वॉटचा एलईडी लावून बसणारेही दिसतात, तो लाइट चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागतं. एलईडीचे वॉट आणि फ्लॅशचे वॉट-सेकंद हे एकच समजू नका, फ्लॅश सगळा उजेड एका क्षणात ओततो. आणि बीचवर स्टँडला वाळूची पिशवी बांधा, वारा सुटला की ऑक्टाचं शीड होतं.

काही तक्रारींवर तर नवीन लाइट हा इलाजच नाही. फोटोचा खालचा किंवा वरचा भाग काळा येतोय? शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वात वेगवान शटरच्या) पुढे गेलाय, बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० ही हद्द असते, खाली आणा. त्याहून वेगवान शटरवरही फ्लॅश चालवणारा हायस्पीड सिंक लावला तर चालतं पण पॉवर बरीच मरते. एक फोटो उजळ, पुढचा काळसर? फ्लॅश पूर्ण चार्ज व्हायच्या आधी तुम्ही बटण दाबताय, बीप ऐकून मारा. हॉलमधल्या ट्यूबमुळे पट्टे येतात तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फ्लॅश मधेच उडतच नाही, तर आधी ट्रिगरचे (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या रिमोटचे) सेल, मग त्याचा चॅनल, आणि मग शिव्या.

रंगाचं दुखणं मात्र इथलं खास. जुन्या घरात शूट ठेवायचं सगळ्यांना आवडतं, भिंती निळ्या, पिवळ्या, खाली लाल कोबा, आणि मग चेहऱ्यावर हिरवट नाहीतर लालसर छटा आली की लाइटला दोष. लाइट बिचारा बरोबर असतो, भिंतच रंग परत फेकते. फ्रेमबाहेरच्या भिंतीला थर्माकोलची पांढरी शीट टेकवा, सावली हवी असेल तिथे काळं कापड. वरचे पिवळे बल्ब बंद करायला घरमालकाला सांगा, लाजू नका. फेणीच्या बाटलीचे फोटो करणाऱ्यांचंही तेच, काचेत आपल्याला दिसतं ते समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब, तिथे महागड्या हेडपेक्षा मोठा ट्रेसिंग पेपर ताणून त्याच्या मागून लाइट मारला तर बाटलीवर सरळ स्वच्छ रेघ येते.

मग महागडा घ्यायचा कुणी? रोज दागिन्यांचे नाहीतर कपड्यांचे ढीगभर फोटो काढून कॅटलॉगला द्यायचे असतील, प्रत्येक फोटोचा रंग हाताने जुळवत बसायला वेळ नसेल, किंवा नाचणारी पोरं हवेत गोठवायला अगदी क्षणभरच चमकणारा फ्लॅश लागत असेल, तर घ्या, पैसे वसूल होतात. वर्षाला चार मोठी कामं असतील तर माझ्या मते भाड्याने आणा आणि भाडं क्लायंटच्या बिलात लावा.

घेतलाच तर दुकानदाराला एवढं विचारा, फ्लॅश ट्यूब फुटली तर नवी केवढ्याला, आणि दुरुस्ती इथे पणजीत-मडगावात होते की मुंबईला कुरियर करायचा, कारण ऐन सीझनमध्ये लाइट पार्सलात अडकला तर काम दुसरा घेऊन जातो. खारी हवा कुठलाच ब्रँड ओळखत नाही, हॉटशू (कॅमेऱ्याच्या वरची फ्लॅश-ट्रिगर लावायची खाच) आणि बॅटरीचे कॉन्टॅक्ट सुक्या फडक्याने पुसत जा, पावसात बॅगेत सिलिका जेल टाका आणि बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा. एसी गाडीतून उतरलात की बॅग लगेच उघडू नका, अर्धा तास बंदच राहू दे, नाहीतर आत पाणी सुटतं.